नमुना घरातला मुक्काम

पलंग आखूड होता. डोकं उशीवर ठेवलं की पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबायचे. आडवं होऊन पाहिलं, तिरपं होऊन पाहिलं, काही उपयोग नाही. ड्रायव्हरला आधी वाटलं, म्हातारपणी माणूस आक्रसतो म्हणतात, आपण लांब झालो की काय. मग लेकीनं सांगितलं.

"बाबा, नमुना घरातलं फर्निचर मुद्दाम लहान करून घेतात. पलंग लहान, टेबल लहान, खुर्च्या लहान. म्हणजे खोली मोठी दिसते."

"आणि माणूस?"

"माणसानं बघायचं आणि जायचं. झोपायचं नसतं."

पण ड्रायव्हर तिथं झोपत होता. दुसरीकडे कुठं झोपणार?

शहर वाढत वाढत ज्या माळावर येऊन पोचलं होतं, तिथं ही वसाहत आखली होती. आखली होती, एवढंच खरं. सरळ रेषेत रस्ते, रस्त्यांच्या कडेला दिव्यांचे खांब, खांबांना दिवे नाहीत. "बालोद्यान" अशी पाटी, पाटीमागं कुसळं. आणि चौकात एक झकास बस थांबा, वर पत्रा, खाली बाक. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला तो थांबा पाहून हसू आलं होतं. बायकोबरोबर तो पहिल्यांदा घर बघायला आला होता तेव्हाची गोष्ट.

"अगं, इथं गाडी कुठून येणार? रूटच नाही या बाजूला."

"येईल हो," बायको म्हणाली होती. "तुम्ही जन्मभर गाडी थांब्याकडं नेली. आता थांबा गाडीला बोलवून घेईल."

ती अशी होती. तिचं म्हणणं खोडायला जावं तर आपणच हसायला लागायचो.

घर दाखवलं होतं लेकीनंच. तिला वसाहतीच्या ऑफिसात नुकतीच नोकरी लागलेली. येणाऱ्या लोकांना नमुना घर हिंडून दाखवायचं, हे तिचं काम. आईबापांनाही तिनं तसंच हिंडवलं, कौतुकानं. हॉल पाहिला, झोपायची खोली पाहिली, आणि स्वयंपाकघरात आल्यावर बायको थांबली. ओट्यासमोर मोठी खिडकी होती. जन्मभर तिनं भिंतीकडं तोंड करून स्वयंपाक केला होता. तिनं ओट्यावर कोपर टेकलं आणि बाहेर बघत उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. माळ होता आणि आभाळ होतं.

"इथं भांडी घासायलासुद्धा मजा येईल," ती म्हणाली.

झालं. ड्रायव्हरनं तिथल्या तिथं हो म्हटलं. राहत्या दोन खोल्या विकल्या, ते पैसे वसाहतीच्या ऑफिसात भरले आणि घर मिळेपर्यंत म्हणून भाड्याची एक खोली घेतली. घर काही उभं राहिलं नाही. मागच्या गल्लीत त्यांच्या वाट्याचा चौथरा झाला, चार खांब वर आले आणि काम थांबलं. दर वेळी नवं कारण. कधी परवानगी, कधी वाळू, कधी मजूर. बायको त्या भाड्याच्या खोलीत आजारी पडली आणि तिथंच गेली. तिथंही ओटा भिंतीकडंच होता.

पुढं घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी खोली हवी झाली. लेक नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहायची. तिथं बाप असो नाहीतर देव असो, पुरुषाला फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नसत. मग तिनंच ही युक्ती काढली. नमुना घराची किल्ली तिच्याकडंच असायची. संध्याकाळी ती दार उघडून द्यायची, पहाटे बाहेर पडताना ओढलं की ते आपोआप लागायचं.

"तात्पुरतं हं बाबा. दुसरी खोली मिळेपर्यंत. पण डोळ्यांत तेल घालून राहायचं. कुणी पाहिलं तर माझी नोकरी गेलीच समजा. आणि मी ऑफिसात आहे तोवर निदान आपल्या घराचं विचारता तरी येतंय. मी बाहेर पडले की आपल्याला तिथं कुत्रं विचारणार नाही."

तेव्हापासून ड्रायव्हर चोरासारखा राहत होता. दिवा लावायचा नाही. तसा तो लागतही नव्हता. उजाडायच्या आत उठायचं, आपली चादर पिशवीत कोंबायची, पलंगावरच्या शोभेच्या चादरीवरून हात फिरवून सुरकुत्या काढायच्या आणि फाटकावरच्या वॉचमनच्या केबिनीत जाऊन बसायचं. वॉचमन भला माणूस. चहाचा कप पुढं सरकवत रोज तेच विचारायचा, "काय काका, झाली का मुक्कामाची गाडी रवाना?"

त्याला त्रास असा नव्हता. पहिल्या पाळीच्या बसवर इतकी वर्षं काढलेला माणूस, पहाटे उठायला त्याला कोंबडा लागत नसे. घराशीही त्याची ओळख झाली होती. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. फळांच्या टोपलीतली सफरचंदं प्लास्टिकची होती. फळीवरची पुस्तकं एकमेकांना चिकटवलेली होती, एक ओढलं की सगळी यायची. कपाट म्हणजे भिंतीवर ठोकलेली दोन दारं. उघडली तर मागं भिंतच. नळ छान चकाकत होते, पण त्यांना पाईपच जोडलेले नव्हते. एकदा तो लेकीला म्हणाला होता, "या घरात खरं काय आहे ते सांग, म्हणजे तेवढंच जपून वापरतो."

"खिडकी," लेक म्हणाली होती.

ते खरं होतं. संध्याकाळी आल्यावर ड्रायव्हर त्या खिडकीपाशी बायकोचा स्टीलचा पेला ठेवायचा, बाटलीतलं पाणी त्यात ओतून प्यायचा आणि अंधार पडेपर्यंत उभा राहायचा. भाड्याची दुसरी खोली शोधायला जायचं तो रोज ठरवायचा आणि रोज काहीतरी निमित्त काढून टाळायचा. लेकीला हे कळत होतं. ती बोलत नव्हती, एवढंच.

त्या रविवारी तो घोरत पडला. आदल्या दिवसापासून अंगात कणकण होती. वॉचमननं दिलेली गोळी घेतली आणि गोळीनं घात केला. जाग आली ती गाडीच्या आवाजानं. इंजिन बंद झालं आणि पाठोपाठ दारं आपटली. ड्रायव्हरनं आवाज ओळखला. साहेबाची गाडी. लेक ज्याच्या हाताखाली काम करायची, तो वसाहतीची घरं विकणारा साहेब. आणि उन्हाची तिरीप पार पलंगावर आलेली.

तो धडपडत उठला, चादर पिशवीत कोंबली, सदरा अंगात घातला. बटणं खालीवर लागली. मागचं दार बाहेरून कुलूपबंद, कारण मागं खड्डे खणून ठेवलेले. पुढून माणसं येताहेत. पिशवी तरी लपवावी म्हणून त्यानं कपाट धरून ओढलं. कपाट खोटं आहे हे त्याला चांगलं माहीत होतं, पण भ्यालेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही. दार किंचित हललं आणि मूठ उपटून हातात आली. त्यानं ती खिशात टाकली.

पुढच्या दाराला किल्ली लागली.

ड्रायव्हर स्वयंपाकघरात पळाला. पिशवी टेबलाखाली सारली आणि लहानशा खुर्चीत, प्लास्टिकच्या सफरचंदांसमोर बसला. का बसला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"या या, आजी, सावकाश. उंबरा नाहीय, मुद्दाम ठेवला नाही. वयस्कर माणसांचा विचार करूनच सगळं केलंय आम्ही." साहेबाचा आवाज साखरेत घोळलेला. "हा हॉल. बघा किती ऐसपैस! ताई, तुम्ही त्यांना किचन दाखवा."

स्वयंपाकघरात पहिली आली ती लेक. तिनं बापाला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं ऑफिसातलं हसू तसंच राहिलं, फक्त रंग उतरला. सुट्टीच्या दिवशी सकाळीच साहेबानं फोन करून तिला बोलावून घेतलं होतं आणि रस्त्यातून गाडीत घेतलं होतं. बापाला कळवायला तिला सवडच मिळाली नव्हती. तिनं डोळ्यांनीच विचारलं, हे काय? ड्रायव्हरनं मान खाली घातली.

तिच्यामागून एक म्हातारी काठी टेकत आत आली. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि नजर त्या भिंगांपेक्षा धारदार.

"अगं बाई! इथं तर माणसं राहतात!"

तिच्यामागं तिचा मुलगा आणि सून, आणि शेवटी साहेब. साहेबानं ड्रायव्हरकडं पाहिलं, खालीवर लागलेल्या बटणांकडं पाहिलं, मग लेकीकडं पाहिलं. क्षणभरच. त्या क्षणात त्याच्या डोक्यात काय काय फिरलं असेल ते देव जाणे, पण हसू काही ढळलं नाही.

"हो तर! हे आमचे काका. राहायला आलेत ना इथं. काय काका, बरं आहे ना?"

ड्रायव्हरनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं घ्यावं.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" मुलगा आईला म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गडी उत्साही होता, घरात शिरल्यापासून भिंतींवर टकटक करून बघत होता. "लोक राहायलासुद्धा आले. तू आपली म्हणतेस, माळावर कोण येतंय."

"एका माणसाला लोक म्हणत नाहीत," म्हातारी म्हणाली. "मोरी कुठंय? मी आधी मोरी बघते. हॉलला काय चाटायचंय?"

सून तिला न्हाणीघराकडं घेऊन गेली. मुलगा हॉलमध्ये जाऊन खिडकीची काच वर-खाली करायला लागला. साहेब चटकन ड्रायव्हरच्या कानाशी वाकला. आवाजातली साखर गेली.

"कोण तुम्ही?"

"हिचा बाप."

साहेबानं लेकीकडं पाहिलं. "अच्छा. म्हणजे किल्ली मुद्दाम ठेवून घेतली होतीत, ताई."

"सर, मी सांगते ना..."

"आता नको. काका, नीट ऐका. ही मंडळी आज सही करणार आहेत. राहतं घर विकायला काढलंय त्यांनी, गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. अडून बसलीय ती फक्त म्हातारी. तिचं समाधान करा. इथं सुखात राहतो म्हणा, बास. तुमचंही घर आहे ना मागच्या गल्लीत? पुढच्या महिन्यात काम सुरू. माझा शब्द."

"आणि नाही केलं तर?"

"तर कुलूप उघडून आत घुसलात, एवढंच मला दिसलं. मुलीची नोकरी गेली. पोलिसांत नाव गेलं. आणि तुमच्या घराची फाईल कुठं जाईल ते मलाही सांगता यायचं नाही." तो सरळ झाला आणि हॉलकडं बघून हसत म्हणाला, "सर, चला, तुम्हाला गच्ची दाखवतो! शाळा कुठं येणार, बाग कुठं येणार, सगळं वरून दिसतं!"

मुलगा आणि साहेब जिन्यानं वर गेले. सूनही मागोमाग गेली. म्हातारी मात्र काठी टेकत स्वयंपाकघरात परत आली आणि ड्रायव्हरसमोरच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिच्या मापाची होती. त्या घरात सगळं जिच्या मापाचं असेल अशी तीच एक.

"मी नाही बाई जिने चढत. अहो भाऊ, मोरीतल्या नळाला पाणी नाही."

"टाकी धुताहेत आजी," दारात उभी असलेली लेक म्हणाली. पाठ केलेलं वाक्य होतं. कुणी नळ फिरवलाच तर काय सांगायचं, ते तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"तुला नाही विचारलं, पोरी. तू विकणारी. मी राहणाऱ्याला विचारतेय." म्हातारीनं काठी टेबलाला टेकवली. "पाणी येतं का हो?"

ड्रायव्हरनं लेकीकडं पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी शाळेत नापास झाली तरी अशीच उभी राहायची, दारात, ना आत ना बाहेर.

"येतं," तो म्हणाला.

"मग मला जरा पाजा बघू. गाडीत बसून घसा कोरडा पडलाय."

आता आली का पंचाईत! ड्रायव्हर वाकला, टेबलाखालची पिशवी चाचपली, बाटली काढली, बायकोचा पेला काढला आणि पाणी ओतून तिच्यासमोर ठेवलं. म्हातारीनं पेल्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं.

"घरात राहता आणि पाणी पिशवीत?"

"सवय आहे. बस चालवायचो. बाटली जवळ असली की बरं वाटतं."

हे मात्र खरं होतं, त्यामुळं ते खऱ्यासारखं वाटलं. म्हातारी पाणी प्यायली. वर गच्चीवर साहेबाची पावलं वाजत होती. जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली. ऐकत असावा.

"हे बघा भाऊ," म्हातारी आवाज खाली आणून म्हणाली, "मी तुम्हाला खरं सांगते. मला माझं घर सोडायचं नाहीय. फार मोठं नाही. पावसात कोपऱ्यात गळतं, शेजारीण भांडकुदळ आहे. पण माझं आहे. पोरगं म्हणतं, इथं हवा चांगली, मोकळं आहे. मी त्याला काय सांगू? मला कळत नाही यातलं. तुम्ही माझ्या वयाचे. साहेब काय, ती पोरगी काय, ते पगारासाठी बोलणार. तुम्हाला काही मिळायचं नाही. म्हणून तुमच्यावर सोडते. तुम्ही म्हणालात घ्या, तर मी आज हो म्हणते. नको म्हणालात तर मी ती सही होऊ देत नाही, मग तो रुसू दे नाहीतर रडू दे."

बसला ब्रेक लागत नसला की पाय जसा नुसताच खाली जातो, तसं ड्रायव्हरला झालं. एकीकडं ही परकी बाई. दुसरीकडं दारातली लेक. ही बाई आज भेटली, उद्या दिसणारही नाही. लेकीला त्याच्याशिवाय कुणी नाही. आणि पुढच्या महिन्यात काम सुरू होणार होतं. शब्द दिला होता. शब्द खोटा असेल. पण नसलाच खोटा तर?

"घ्या," तो म्हणाला.

"चांगलं आहे?"

"चांगलं आहे. शांत आहे."

"घरात कोण कोण तुम्ही?"

"मी एकटाच. बायको होती. गेली."

म्हातारीनं पेला खाली ठेवला. वरची पावलं अजून हलली नव्हती.

"इथंच गेल्या?"

इथं ड्रायव्हरला थांबता आलं असतं. नाही म्हटलं असतं, आधीच गेली म्हटलं असतं, तरी साहेबाचं काम अडलं नसतं. पण त्यानं खिडकीकडं पाहिलं. बाहेर ऊन पडलं होतं.

"इथंच," तो म्हणाला.

एकदा बोलल्यावर पुढचं आपोआप येत गेलं.

"तिलाच आवडलं होतं हे घर. ही खिडकी. सकाळी उठली की इथं उभी राहायची. मी म्हणायचो, अगं चहा उतू जाईल. तर म्हणायची, जाऊ दे. दुपारी भांडी घासतानाही इथंच. गाणं म्हणायची नाही, पण ओठ हलायचे. आजारी पडल्यावर पलंग इकडं सरकवून घेतला. शेवटी तिनं खिडकीकडं बघतच डोळे मिटले. सुखात गेली. काही राहून गेलं नाही तिचं."

बोलताना त्याला अडखळायला झालं नाही. उलट बरं वाटत होतं. तो म्हातारीला सांगतच नव्हता. ओट्याशी कोपर टेकून कुणी उभं आहे आणि आपण तिच्या पाठीकडं बघत बोलतोय, असं त्याला दिसत होतं. म्हातारीनं चष्मा काढून डोळे पुसले.

"भाग्यवान हो," ती म्हणाली. "चला, मग मी काय अडवू?" आणि तिनं काठीला हात घातला.

जिन्यावर साहेबाची पावलं खाली यायला लागली. हलकी, खूश.

"आई इथं नाही गेली, बाबा."

लेक दारातून आत आली होती. तिचा आवाज मोठा नव्हता.

"तू गप्प बस," ड्रायव्हर म्हणाला. "तुला कळत नाही."

"नाही बसत. नोकरीसाठी बोलला असतात तर ऐकून घेतलं असतं मी. पण तुम्ही नोकरीसाठी बोलत नव्हतात. तुम्हाला खरंच वाटायला लागलंय ते." ती म्हातारीकडं वळली. "आजी, हे माझे वडील. हे इथं राहत नाहीत. यांना जागा नाही म्हणून मी चोरून झोपायला देते. माझी आई भाड्याच्या खोलीत गेली. ती या घरात एकदाच आली होती, अर्ध्या तासासाठी. मीच दाखवलं. मीच सांगितलं, आई, वर्षाच्या आत मिळेल. मला तसंच वाटत होतं तेव्हा. तिच्या घराचे मागं नुसते खांब आहेत. शेवटपर्यंत विचारत होती, खिडकी बसवली का गं."

साहेब दारात पोचला होता, मागं मुलगा आणि सून.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"काही नाही, काही नाही," साहेब म्हणाला. "ताईंची तब्येत बरी नाहीय आज. आई वारल्यापासून जरा... समजून घ्या. आजी, तुम्ही चला, ऑफिसात बसू, गार काहीतरी मागवतो."

"आई, तू पुन्हा काहीतरी खुसपट काढलंस ना?" मुलगा वैतागला. "तुला पहिल्यापासून यायचंच नाहीय."

म्हातारी मुलाकडं बघत नव्हती. ती ड्रायव्हरकडं बघत होती. रागानं बघत असती तर त्याला सोसलं असतं. तो उठला. खिशात काहीतरी टोचलं. त्यानं हात घातला आणि ती मूठ निघाली. काय करावं ते न कळून त्यानं ती टेबलावर, सफरचंदांशेजारी ठेवली.

"कपाटाची आहे," तो म्हणाला. "ओढली तर हातात आली."

मुलानं मूठ उचलली. तो झोपायच्या खोलीत गेला. दार उपटल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याचा उत्साह उतरला होता.

"मागं भिंत आहे."

"अहो सॅम्पल आहे हे!" साहेब हसला. "सॅम्पल घरात कपाट कशाला असेल?"

"मग सॅम्पल घरात काका कसे राहायला आले?"

साहेबाचं हसू पहिल्यांदाच गेलं. त्यानं लेकीपुढं हात केला. "किल्ली."

लेकीनं पर्समधून किल्ली काढून दिली.

"उद्यापासून यायची गरज नाही. आणि काका, तुमचं घर आता विसरा."

"विसरायला आधी ते दिसावं लागतं, सर," लेक म्हणाली.

ड्रायव्हरनं पेला उचलला, उरलेलं पाणी ओट्यावरच्या कोरड्या बेसिनमध्ये ओतलं. बेसिनखाली पाईप नव्हता. पाणी थेट त्याच्या पायावर पडलं. सून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"दाखवायचे दात," म्हातारी म्हणाली आणि उठली. "भाऊ, ते खांब कुठं आहेत? मला बघायचेत."

मग ती मंडळी मागच्या गल्लीत गेली. साहेब आला नाही, फोनवर बोलत गाडीपाशी उभा राहिला. पुढं ड्रायव्हर, काखेत पिशवी. बायको गेल्यापासून तो या गल्लीत फिरकला नव्हता. चौथऱ्यावर गवत उगवलं होतं. चार खांबांच्या डोक्यांवरून गंजक्या सळया बाहेर आल्या होत्या.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. "खिडकी कुठं येणार होती?"

ड्रायव्हर चौथऱ्यावर चढला. गवत तुडवत मागच्या बाजूला गेला आणि थांबला. "इथं."

"माझ्याशी खोटं बोललात तुम्ही."

"बोललो."

"मी घर विकून बसले असते. तुमच्या बायकोची गोष्ट ऐकून."

माफ केलं असं काही म्हातारी म्हणाली नाही. मुलाला म्हणाली, "चल रे. घरी चल." मुलगा निमूट निघाला. साहेबाच्या गाडीत आता कोण बसणार? तिघं पायीच बस थांब्याच्या दिशेनं गेली.

"तिथं गाडी येत नाही!" ड्रायव्हर मागून ओरडला. "मोठ्या रस्त्यापर्यंत जा, उजव्या हाताला!"

म्हातारीनं मागं न बघता काठी वर केली. ऐकलं म्हणून.

लेक चौथऱ्याच्या कडेला बसली. पर्स मांडीवर, हात पर्सवर. आता तिला रडू येईल असं ड्रायव्हरला वाटलं. आलं नाही.

"पोरी, तुझी नोकरी घालवली मी."

"तुम्ही वाचवायला निघाला होतात. पण पुढं आईला त्या घरात नेऊन बसवलंत, त्याची भीती वाटली मला." ती गवताची काडी तोडत म्हणाली. "संध्याकाळी खोली शोधायला जायचं. दोघांनी. निमित्त चालणार नाही."

"बरं."

"आणि ज्यांना ज्यांना मी घर हिंडवून दाखवलं ती माणसं माझ्या लक्षात आहेत. कुणाचे खांब आलेत, कुणाचे तेही नाहीत. त्यांना गाठायचं, सगळ्यांनी मिळून तक्रार करायची."

"साहेब सोडणार नाही तुला."

"बघू."

ड्रायव्हरनं पिशवीतून चादर काढली आणि जिथं झोपायची खोली येणार होती तिथं अंथरली. अंगातली कणकण अजून गेली नव्हती. तो आडवा झाला. पाय लांब केले. टाचा चादरीवर टेकल्या आणि त्यांच्यापुढं अजून जागा उरली.

"बाबा, उठा. कुणी बघेल."

"बघू दे. पाय पुरतात इथं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरनं आवाज ओळखला. साहेबाची गाडी इकडंच वळली होती. खडीवर चाकं कुरकुरत जवळ येत होती. लेक उभी राहिली आणि बापाच्या आणि रस्त्याच्या मधे येऊन थांबली.

ड्रायव्हर उठला नाही. ही जागा त्यानं पैसे मोजून घेतली होती, इथून चोरासारखं उठायचं कारण नव्हतं. त्यानं पिशवी डोक्याखाली ओढून घेतली. गाडी चौथऱ्यासमोर येऊन थांबली आणि दार उघडल्याचा आवाज आला.